परक्या हातानं लिहिलेला पेपर

म्हैसूरमध्ये परीक्षा जवळ आल्या आहेत हे कळायला घरात शिकणारं मूल असावं लागत नाही. होंगेची, म्हणजे आपल्या करंजाची, झाडं आधी सगळी पानं टाकून मोकळी होतात, मग पोपटी दिसायला लागतात आणि मग एका सकाळी फुटपाथभर त्यांच्या फिकट जांभळ्या फुलांचा थर पडलेला असतो. चालताना तो पायाखाली कुरकुरतो. झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते, गल्लीतल्या गणपतीच्या पायाशी हॉलतिकिटं ठेवलेली दिसतात, समोरच्या गच्चीवर कुणीतरी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालत असतं. यंदाही हे सगळं वेळेवर झालं आणि माझा फोनही वेळेवर वाजला. "मॅडम, यंदा रायटर म्हणून येणार ना?" रायटर म्हणजे जे विद्यार्थी स्वतः लिहू शकत नाहीत, बहुतेक करून ज्यांना दिसत नाही, ते सांगतील तसा त्यांचा पेपर लिहून देणारी व्यक्ती. त्याचे पैसे नसतात आणि मिळावेत असं कुणाला वाटतही नाही. मी लगेच हो म्हटलं. पूर्वी अनोळखी नंबर दिसला की मी फोन उचलतच नसे.

मी मुळात माणूसघाणी. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रारीनंही नाही; कुणाचे केस सरळ असतात, कुणाचे कुरळे, तसं आहे ते. सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आले, तेव्हा सोबत हा स्वभावही आला. काम संगणकासमोरचं, यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचं. यंत्रं प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे आमचं छान जमायचं. सोसायटीत आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं होतो. आमचा गणपती, आमचं हळदीकुंकू, रविवारची आमची मिसळ. म्हैसुरात राहतो म्हणायचं खरं, पण आम्ही तिथे एक छोटासा महाराष्ट्र मांडून बसलो होतो आणि त्याच्या फाटकाबाहेर मी भाजीपुरतीच जात असे. माझं कन्नडही तेवढ्यापुरतंच होतं. 'एष्टु', म्हणजे केवढ्याला, असं विचारायचं, 'जास्ती आयतु' म्हणून नाक मुरडायचं आणि शेवटी तो म्हणेल तेवढे देऊन घरी यायचं.

मला या फाटकाबाहेर ढकललं ते खालच्या मजल्यावरच्या शोभा टीचरनी. त्या निवृत्त शिक्षिका, दरवर्षी रायटर म्हणून जायच्या. त्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर बाथरूममध्ये घसरल्या आणि उजवा हात गळ्यात आला. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, "नोटीसबोर्डावर तुझं अक्षर बघितलंय मी. माझ्याऐवजी तू जा."

"पण मी तिथे कुणाला ओळखत नाही."

"गेलीस की ओळखशील," त्या म्हणाल्या आणि डाव्या हातानं मला पत्ता लिहून दिला.

पत्ता नजरबादचा होता आणि नाव होतं अंबुजा बाई. मी मनात एक साठीची बाई उभी केली. उतारवयात पदवी घ्यायला निघालेली, पांढरे केस, हळू बोलणारी. जाताना तिच्यासाठी मऊशी केळी घेतली. दातांचं काय असेल सांगता येत नाही, असा माझा विचार. दार उघडलं ते पंचविशीतल्या एका मुलीनं. लांब वेणी, वेणीत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा, डोळे मिटलेले आणि चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं किंचित तिरका. मी तिला विचारलं, "अंबुजाबाई आहेत का घरी?" गडबडीत हे मराठीतच विचारलं गेलं.

"अय्यो, मीच की ती!" ती मराठीत म्हणाली. मी चमकले. "म्हातारी समजलात होय अक्का? आमच्यात पोरगी जन्मली की नावाला बाई चिकटवतात, अष्टे, एवढंच."

आतून तिची आई पदराला हात पुसत आली. "या, या, कूतकोळ्ळी, बसा की. तुम्ही मराठी होय? पुण्याकडल्या? आमची मराठी ऐकून नगू नका हं." नगू नका म्हणजे हसू नका, हे मला तिच्या हसण्यावरून कळलं. यांचे पूर्वज राजांच्या घोडदळात म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले. घोडे गेले, फौज गेली, घरात भाषा तेवढी राहिली, आणि तीही कन्नडला हात धरून चालणारी. एवढी वर्षं मी ज्या शहरात परकी म्हणून वावरत होते, तिथे माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मराठीत भांडत आणि मराठीत रडत होती. मला फार आनंद झाला, आणि तो लपवायला मी केळी पुढे केली.

अंबुजा अंध मुलांच्या निवासी शाळेत इतिहास शिकवत होती, पण हंगामी म्हणून. बीएचे सगळे विषय सुटले होते, नेमका इतिहासाचा एक पेपर राहिला होता आणि त्यात ती दोनदा नापास झालेली. जी मुलांना इतिहास शिकवते तीच इतिहासात नापास! शाळेनं या निकालापर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. या वेळी पदवीचा कागद हातात आला तर जागा कायम, नाही आला तर शाळा दुसरी शिक्षिका बघणार. मुलांना हे माहीत नव्हतं. "त्यांना काय सांगायचं, टीचर फेल म्हणून?" ती म्हणाली.

मी तिला विचारलं, नापास कशी झालीस. तर म्हणाली, "पहिल्या वेळी रायटर होता त्यानं मी सांगितलं ते सोडून त्याला जे बरोबर वाटलं ते लिहिलं. दुसऱ्या वेळची पोरगी चांगली होती, पण घाबरट. उत्तरपत्रिकेची चिकटलेली पानं तशीच सोडली, मधली उत्तरं कुठल्या कुठे गेली म्हणे. म्हणे म्हणजे, मला काय दिसतंय? लोक सांगतात ते ऐकायचं." हे तिनं हसत सांगितलं, कुणावर राग न ठेवता. मला मात्र त्या दोघांचा राग आला आणि पाठोपाठ धडकी भरली, कारण आता त्यांच्या जागी मी बसणार होते.

 आपण सगळे आपली परीक्षा आपल्या हातानं देतो. चुकलो तर आपला हात चुकला. हिचं वर्षभराचं पाठांतर, हिची नोकरी, हिची मुलं, सगळं दर वेळी एका परक्या माणसाच्या बोटांत जायचं. मी नवीन घरात कॉफी प्यायला अवघडत होते, आणि ही पोरगी आयुष्य अनोळखी माणसाच्या हवाली करून वर त्याला कॉफी विचारत होती.

परीक्षेच्या आधी आम्ही रोज संध्याकाळी सराव करायचो. ती इंग्रजीत उत्तर सांगायची, मी लिहायची. तिची एक पद्धत होती. बाकावर बोटानं एक टकटक म्हणजे पूर्णविराम, दोन म्हणजे नवा परिच्छेद, तळहात आडवा ठेवला की शेवटचं वाक्य वाचून दाखवायचं. बोलण्याचा ओघ मोडू नये म्हणून तिनं हे स्वतःच बसवलं होतं. पहिल्या दिवशी लिहिताना ती मध्येच थांबली. "अक्का, तुमचं पेन वाजत नाही."

"म्हणजे?"

"आवाज नाही त्याला. तुम्ही कुठवर आलात ते मला ऐकू आलं पाहिजे की."

माझं जेल पेन महागाचं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. ते तिनं बाद केलं. वाजणारं पेन घ्यायला आम्ही मंडी मोहल्ल्यात गेलो, तिच्या ओळखीच्या दुकानात. ते दुकान जागेवर नव्हतं, कुठेतरी हललं होतं. उन्हं कलली होती, हातगाड्या, स्कूटर, मसाल्याचा खकाणा, मशिदीकडून येणारी माणसं, आणि मध्येच आम्ही दोघी. मी म्हटलं, "तुला वासावरून कळेल ना कुठे आलोय ते?" पुस्तकांत वाचलेलं असतं ना आपण काहीबाही.

"मला सर्दी झालीय," ती म्हणाली. "तुम्ही पाट्या वाचा की."

आता आली का पंचाईत! पाट्या कन्नडमध्ये. इतक्या वर्षांत मला बसवरची चार नावं वाचता येत होती, तीही त्यांच्या आकारावरून. एकीला दिसत नाही, दुसरीला वाचता येत नाही. मी म्हटलं, चल परत जाऊ, उद्या सोसायटीजवळून घेते. कुणाला पत्ता विचारणं ही माझ्या लेखी शेवटची पायरी. अंबुजानं मात्र शेजारून गेलेल्या पावलांना हाक मारली, "अण्णा, स्वल्प निल्ली!" तो एक हमाल निघाला, जरा थांबा म्हटल्यावर थांबला. त्याला ठाऊक नव्हतं, त्यानं गुळाच्या व्यापाऱ्याला विचारलं, व्यापाऱ्यानं समोरच्या अत्तरवाल्या चाचांना. बघता बघता आमच्याभोवती पाच-सहा जण जमले आणि एका पेनाच्या दुकानाचा शोध हा अख्ख्या गल्लीचा प्रश्न झाला. चाचा आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी अंबुजाच्या परीक्षेची चौकशी केली, मला माझं गाव विचारलं, आणि सांगलीला त्यांची मावसबहीण दिली आहे हेही सांगितलं. मी त्यांच्याशी बोलले, चक्क बोलत राहिले. दुकानात अंबुजानं कागदावर एकेक पेन ओढायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. शेवटी शाळकरी मुलं वापरतात ते साधं खरखरीत बॉलपेन पसंत केलं.

पेपराच्या दिवशी तिच्या आईनं आम्हा दोघींच्या हातावर दही-साखर ठेवली. "पास झाली तर टी. नरसीपूरला संगमावर न्हायला नेते म्हणून बोललेय मी देवाला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्हालाही यायचं." माझ्याही नावानं नवस बोलला गेला होता, आणि मला कुणी विचारलं नव्हतं!

कॉलेजनं आम्हाला वेगळी खोली दिली होती. आमच्यासोबत पर्यवेक्षक म्हणून एक सर बसले होते. पन्नाशीचे, गंभीर, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. त्यांनी नियम सांगितले. मी फक्त प्रश्न वाचायचे, ती सांगेल ते लिहायचं, सांगितलं तर वाचून दाखवायचं. मी सगळे प्रश्न एकदा वाचले. अंबुजानं मान हलवली आणि सुरू झाली. काय सांगत होती ती! सन, तह, माणसं, कारणं, सगळं घडी घातलेल्या कपड्यासारखं एकावर एक. बोटाची टकटक, पेनाची खरखर, पुन्हा टकटक. मला वाटलं, झालं, ही सहज सुटतेय.

अर्धा पेपर झाला असेल नसेल, तेवढ्यात रस्त्यावरून लग्नाची वरात निघाली. बँडच्या आवाजात खिडकीची तावदानं थरथरत होती. अंबुजाचं वाक्य तुटलं. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले, आणि बँड पुढे सरकल्यावर गोंधळून, नेहमी घरी विचारायची तसं विचारलं, "अक्का, कुठं होतो आपण?"

आणि मी नेहमी घरी द्यायची तसं उत्तर दिलं, "तहाच्या अटी सांगत होतीस, दोन झाल्या, तिसरी राहिलीय."

सर खुर्चीतून उठले. "येनु? काय सांगितलंत तिला?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "कुठली भाषा ही?"

मी इंग्रजीत सांगायला लागले की मराठी आहे, ती कुठे थांबली एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "ते मला कसं कळणार? तुम्ही उत्तर सांगितलं नाही कशावरून?" आणि त्यांनी माझ्यापुढची उत्तरपत्रिका उचलून स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर कळवावं लागेल म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि हेच मला जास्त भयंकर वाटत होतं. सरावाच्या त्या गोड संध्याकाळी आम्ही दोघी मराठीला इतक्या चटावलो होतो, की परीक्षेच्या खोलीत ती तोंडातून निघेल हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. वेळ जात होता.  आता तिसऱ्यांदा, आणि या खेपेला माझ्यामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी विनवण्या करायला लागले, कन्नड-इंग्रजीची खिचडी करून, डोळ्यांत पाणी आणून.

अंबुजा उभी राहिली. ती अजिबात रडली नाही. "सर," ती कन्नडमध्ये म्हणाली, सावकाश, मलाही समजेल अशा कन्नडमध्ये, "तुमचं बरोबर आहे. आता इथून पुढे या एक शब्दही बोलणार नाहीत. कुठल्याच भाषेत नाही. प्रश्न वाचणार नाहीत, मागचं वाचून दाखवणार नाहीत. मी सांगेन, त्या लिहितील. त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं तर पेपर काढून घ्या, मी काही म्हणणार नाही."

सर म्हणाले, "आणि राहिलेले प्रश्न?"

"मी एकदा ऐकलेत की सर."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग उत्तरपत्रिका आणून माझ्यापुढे ठेवली आणि खुर्ची ओढून अगदी माझ्या कोपराशी बसले.

त्यानंतरचा काळ मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. अंबुजानं आधी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवून किती कोरी राहिलीत याचा अंदाज घेतला. मग तिसऱ्या अटीपासून, तुटलं होतं बरोबर तिथून, वाक्य पुढे सुरू केलं. मी लिहीत होते, ओठ दातांखाली धरून. पेन खरखरत होतं आणि ती त्याच्याकडे कान लावून होती. माझा हात मागे पडला की ती थांबायची, पेन थांबलं की पुढचं वाक्य. एका ठिकाणी कुठल्याशा किल्लेदाराचं नाव आलं आणि मला ते नीट ऐकू आलं नाही. विचारायची सोय नव्हती. मी पेन कागदावर टेकवून नुसती बसले. तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिनं वाक्य पुन्हा सांगितलं, त्याच नावाशी येऊन थांबली, आणि ते एकेक अक्षर सुटं करून उच्चारलं. पेन कुठल्या शब्दावर अडलं हेसुद्धा तिनं ऐकलं होतं! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कागदावर पडू नये म्हणून मला मान वळवावी लागली. मी माणसांपासून लांब पळणारी; आजवर इतकं लक्ष देऊन मला कुणी ऐकलं नव्हतं, आणि मी तर गप्प होते.

शेवटची टकटक झाली तेव्हा थोडा वेळ उरला होता. एरवी अशा वेळी मी तिला सगळं वाचून दाखवायची. मी तोंड मिटून बसले. तेव्हा सरांनी उत्तरपत्रिका स्वतःकडे ओढली, चष्मा पुसला आणि तिच्या शेजारी बसून शेवटची उत्तरं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांच्या ठसठशीत कन्नड वळणाच्या इंग्रजीत तिची वाक्यं वेगळीच भारदस्त वाटत होती. दर पूर्णविरामाला अंबुजाचं बोट बाकावर एकदा वाजत होतं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "सरी इदेया, अम्मा?" बरोबर आहे ना?

"सरी इदे, सर. सगळं माझंच आहे," ती म्हणाली.

त्यांनी खाली सही केली. वर काहीही कळवलं नाही.

पुढच्या वर्षांत मी पुष्कळांची रायटर झाले. एक जण इतका भरभर सांगायचा की माझी बोटं आखडायची. एक बाई प्रत्येक उत्तराआधी डोळ्यांना हात लावून देवाचं नाव घ्यायची. बँकेच्या परीक्षेला बसलेला एक मुलगा मला पेपराच्या आधी विनोद सांगायचा, मी घाबरू नये म्हणून. यांच्यातल्या एकाशीही मी एरवी बोलले नसते, आणि यांच्यातल्या प्रत्येकानं पहिल्या भेटीत माझ्यावर विश्वास ठेवून दाखवला. कन्नड आता मी पाट्या वाचण्याइतकं शिकले आहे. आमच्या रविवारच्या मिसळीला हल्ली नजरबादचे पाहुणे असतात आणि त्यांच्या मराठीवरून आमच्या लोकांना जे हसू येतं, ते मी डोळे वटारून आवरायला लावते.

त्या वर्षीचा निकाल जुलैत लागला. अंबुजाचा फोन आला तेव्हा तिच्या मागून तिच्या आईचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून आधी मी वाईटच बातमी धरून चालले. "पास, अक्का! चांगली पास!" मग संगमावर जाणं झालं, थंड पाण्यात डुबक्या मारणं झालं, आणि शाळेनं तिला कायम केल्याचंही कळलं. "एकदा वर्गावर या," ती म्हणत राहिली.

एका पावसाळी दुपारी मी गेले. वर्ग भरलेला होता, मुलांची बोटं ब्रेलच्या पानांवरून चालत होती आणि अंबुजा टेबलाला टेकून तह शिकवत होती. दारात माझी चप्पल वाजली तशी ती थांबली. "यारु?" कोण आहे?

इतक्या मुलांपुढे मला लाजल्यासारखं झालं. तरी मी म्हटलं, "मी आहे गं, अंबुजा. आले एकदाची."

सगळी तोंडं माझ्या आवाजाकडे वळली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं कन्नडमध्ये विचारलं, "टीचर, त्या कुठल्या भाषेत बोलल्या?"

"नम्म मने मातु," अंबुजा म्हणाली. आमच्या घरचं बोलणं. मग चेहरा माझ्याकडे करून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा खणखणीत मराठीत म्हणाली, "आत या की अक्का, बसा. आणि बोला कितीबी. आता कोण पेपर काढून घेत नाही."